बारा वाजता कौन्सिल बरखास्त

३१ मार्च १९८६, ईस्टरच्या सोमवारची रात्र. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर तुम्ही उभे आहात. थेम्सच्या एका काठाला संसद, पलीकडे काउंटी हॉल, म्हणजे ग्रेटर लंडन कौन्सिलचं मुख्यालय. तिथे गर्दी लोटली आहे, गाणी चालली आहेत. जत्राच म्हणा ना. बारा वाजता हे निवडून आलेलं कौन्सिल कायद्यानेच संपणार आहे.

गर्दीत शिरा आणि छपराकडे मान वर करा. लंडनमधल्या बेरोजगारांचा आकडा इथेच झळकायचा, नेमका संसदेतून दिसेल असा. कौन्सिलचा नेता केन लिव्हिंगस्टन याची ही खोडी. १९८१ मध्ये सत्तेवर येताच त्याच्या मजूर पक्षाने बस आणि ट्यूबचं भाडं जवळपास एक तृतीयांशाने उतरवलं होतं. त्याच डिसेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. पंतप्रधान थॅचरबाईंनी तर १९८३ च्या जाहीरनाम्यातच कौन्सिल गुंडाळण्याचं वचन दिलं. १९८४ मध्ये लंडनची वाहतूक काढून घेतली, १९८५ ची निवडणूक रद्द केली, मग बरखास्तीचा कायदा. आज रात्री मँचेस्टर, लिव्हरपूलकडच्यांसह आणखी सहा महानगरी कौन्सिलांचाही हाच शेवट आहे.

यासाठी घटनादुरुस्ती नको? नको. १९६५ साली कारभाराला लागलेलं हे कौन्सिल संसदेच्याच कायद्याने जन्मलं होतं, आणि ते मोडायला संसदेतलं साधं बहुमत पुरलं.

मुंबईकर असाल तर फार हसू नका. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाने तिचा कारभार पाहिला. दिल्लीपुढे संघराज्याचे दाखले देणारं राज्य आपल्या शहरांपुढे बिनदिक्कत वेस्टमिन्स्टरची संसद होतं.

थॅचर सरकार म्हणतं, अधिकार खाली, लंडनच्या ३२ बरोंकडे, म्हणजे स्थानिक कौन्सिलांकडे गेले. काही गेलेही. पण अग्निशमनासाठी बरोंच्या प्रतिनिधींचं वेगळं मंडळ आलं आणि वाहतूक तर आधीच थेट मंत्र्याच्या हाताखाली गेली होती.

उद्या बस धावतील, बंबही निघतील. भाडं वाढलं, तर अख्ख्या लंडनच्या मतांवर निवडून आलेला, जाब विचारता येईल असा माणूस मात्र नसेल. तो मिळायला २००० साल उजाडेल. महापौर म्हणून निवडून येईल पुन्हा लिव्हिंगस्टनच, आणि ते पदही संसदेनेच १९९९ च्या कायद्याने दिलेलं असेल.