बांधणारा धर्म आणि वेगळी पंगत

दरवर्षी भाद्रपदात आपण वर्गणी काढतो, मंडप उभारतो आणि आरतीला एकत्र उभे राहतो. श्रद्धा तर घरच्या देवघरातही असते. मग चारचौघांत येऊन देवापुढे उभे राहण्याची ओढ माणसाला का वाटते? समाजशास्त्राने या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक काळ विचार केला आहे. त्यातला एक धागा थेट पंढरीच्या वाटेवर येऊन पोहोचतो, म्हणून तो येथे मांडावा असे आम्हांस वाटले.

आरंभीच एक खुलासा करतो. देव आहे की नाही, याचा निवाडा समाजशास्त्र करीत नाही. धर्म पाळणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात आणि त्यातून समाजात काय घडते, एवढेच ते पाहते.

एमिल दुर्खेम हे या विषयातले मोठे नाव. १८५८ साली फ्रान्समध्ये एका ज्यू धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. धर्माच्या मूळ रूपांवरील त्यांचा ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या माहितीवर तो आधारलेला आहे. तेथील प्रत्येक कुळाचे एखादा प्राणी किंवा वनस्पती हे पवित्र चिन्ह असे. आपल्याकडच्या देवकाची येथे आठवण होते. वर्षातला बराच काळ ही माणसे अन्नासाठी पांगलेली असत. विधीसाठी ती एकत्र जमली, की नाचगाण्यात प्रत्येकाला आपल्याहून मोठ्या शक्तीचा अनुभव येई. दुर्खेम यांच्या मते ही शक्ती म्हणजे समाजच. पवित्र मानलेल्या गोष्टी माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, हा त्यांचा सिद्धान्त.

जर्मनीच्या माक्स वेबर यांचा प्रश्न निराळा होता. उत्सव सरल्यावर, रोजच्या व्यवहारात धर्म माणसाकडून काय करवून घेतो? १९०४-०५ मधील त्यांच्या लेखनात त्यांनी काही प्रोटेस्टंट पंथांची काटकसर व कामावरील निष्ठा यांचा भांडवलशाही वृत्तीशी असलेला संबंध दाखवला.

हे दोन्ही प्रश्न आपल्या मातीत एकत्र आले ते इरावती कर्वे यांच्या लेखनात. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी होत्या. डॉक्टरेट त्यांनी बर्लिनला केली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या स्वतः चालल्या. त्या अनुभवावरील त्यांच्या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला.

या लेखात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. ठिकठिकाणची माणसे, त्यांच्या निरनिराळ्या बोली आणि सर्वांच्या ओठी तेच अभंग पाहून, ज्या भूमीतली माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी नवी व्याख्या त्यांना सापडली. दुर्खेम म्हणतात ते बंधन याहून स्पष्ट कुठे दिसावे? पण त्याच वाटेवर जातीनुसार दिंड्या वेगळ्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या दिंडीतही ब्राह्मणांचा स्वयंपाक आणि पंगत निराळी होती. दिवसभर एकत्र अभंग गाणारी माणसे जेवायला वेगळी बसतात, याचे दुःख त्यांनी लपवले नाही.

या दुःखाला मोठा इतिहास आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, म्हणजे देवळाबाहेर आहे. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा दार उघडले. बांधणारा धर्मच कुणाला तरी उंबऱ्याबाहेर ठेवत होता. आणि दार उघडा म्हणणाऱ्यांनीही साक्ष काढली ती त्याच धर्माची, त्याच संतांची.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना इरावतीबाईंची व्याख्या फार जवळची वाटते. तिला राज्याची सीमा नाही. नकाशावर आपण कुठेही असलो, तरी त्या वाटेशी नाते सांगू शकतो. परदेशी नव्हे पण परप्रांती असलेल्या समाजाला उत्सवाने किती सावरले, हे जुन्या मंडळींना सांगायला नको.

मात्र व्याख्या घ्यायची तर तिच्या शेजारची पंगतही पाहायला हवी. आपल्या मंडपात आरतीचे ताट कुणाच्या हाती जाते? कार्यकारिणीत कोणती आडनावे वर्षानुवर्षे दिसतात, आणि कोणती केवळ वर्गणीच्या पावतीवर? मोडकेतोडके मराठी बोलणारी नातवंडे, लग्न होऊन आलेल्या अमराठी सुना आणि जावई, नोकरीसाठी अलीकडे आलेली निराळ्या जातींची मराठी कुटुंबे, यांना महाप्रसादाच्या पंगतीत बसल्यावर हे घर आपले वाटते काय?

उत्सव माणसांना बांधतो, हे दुर्खेम यांनी सांगितले आणि आपण ते दरवर्षी अनुभवतो. त्या बंधनात कोणाला घ्यायचे, हे मात्र उत्सव आपोआप ठरवीत नाही. ते कार्यकारिणीच्या बैठकीत आणि पंगतीची पाने मांडताना आपणच ठरवतो.