समुद्राच्या प्रवाहाला आवाजाची मोजपट्टी

गाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते, लांब जाताना उतरते. १८४२ साली डॉप्लरने प्रागमध्ये हा नियम मांडला, तो ताऱ्यांच्या रंगांसाठी! १८४५ मध्ये बाइस बॅलटने हॉलंडात आगगाडीवर वादक बसवून तो आवाजावर पडताळला.

१९७० च्या दशकात जहाजाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरूनच सागरी प्रवाह मोजणारं यंत्र तयार झालं. पाण्यात आवाज सोडायचा आणि प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा.

पण अचूकतेचं काय? समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. ३०० किलोहर्ट्झच्या यंत्रात, आवाजाच्या रेषेत सेकंदाला १ सेंटिमीटर वेगामुळे पडणारा फरक जेमतेम ४ हर्ट्झ! म्हणून शंभर प्रतिध्वनींची सरासरी घेतात. इकडेतिकडे विखुरलेली चूक दहापट कमी होते.

दिशेची चूक मात्र सरासरीने जात नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाचं होकायंत्र १ अंशाने चुकलं, तर जवळजवळ ९ सेंटिमीटरचा खोटा आडवा प्रवाह दिसतो. खोल समुद्रातले कित्येक खरे प्रवाह याहून मंद असतात! म्हणूनच १९९० च्या दशकात जीपीएसने जहाजाची दिशा मोजू लागले.

हवामानाची गणितं या आकड्यांवर उभी आहेत. तेव्हा आकड्यासोबत त्यातली चूकही विचारायलाच हवी.