लाल टोपी की नारंगी? – आईची साखरेची वही



परवा आमच्या कॉलनीतल्या मेडिकलवाल्याकडे इन्सुलिनची सिरिंज घ्यायला गेलो. पोऱ्या नवा होता. म्हणाला, "अंकल, लाल ढक्कनवाली दूँ या नारंगी?" मी म्हटलं, "बेटा, बाटली दाखव आधी." माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "काय फरक पडतो हो, सुई ती सुई." तेव्हा घरी आल्यावर ठरवलं, ही गोष्ट लिहून टाकायचीच. थोडा इतिहास आहे, थोडी आमच्या घरची लाज आहे.

आधी इतिहास. मधुमेह आपल्याकडे चरक-सुश्रुतांच्या काळापासून ठाऊक आहे, पण उपाय नव्हता. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. पहिल्या सुईने काम झालं नाही. कॉलिप यांनी औषध आणखी शुद्ध करून दिलं, तेव्हा बारा दिवसांनी गुण आला.

पण माझ्या मते खरी उलथापालथ पुढे झाली. इन्सुलिन रोज टोचायचं, तेही जन्मभर. रोज कोण दवाखान्यात जाणार? म्हणजे मोजायचं, भरायचं, टोचायचं काम रोग्याच्या स्वतःच्या हातात आलं. बोस्टनचे डॉ. जोस्लिन यांनी हे फार लवकर ओळखलं. रोग्यांसाठी त्यांनी पुस्तक काढलं १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिनच्याही आधी. लघवी कशी तपासायची, जेवण कसं मोजायचं, पाय कसे जपायचे, हे त्यांच्या नर्सेस रोग्यांना शिकवत.

आता आमचं घर. इंदूर, राजवाड्यापासून दहा मिनिटांवरचा वाडा. आई मराठी चौथी शिकलेली. १९६८ मध्ये तिला साखर निघाली, तेव्हा ती ४२ वर्षांची. सकाळी पोहे-जिलेबीचा वास गल्लीभर, आणि घरात आईला जिलेबी बंद! गल्लीतले डॉक्टर आपले मराठीच, पण चिठ्ठी इंग्रजीत. त्यांच्या कंपाउंडरने मात्र आईला समोर बसवून घरची तपासणी शिकवली. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं औषध पाच एमएल, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं म्हणजे थोडी, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं तर भरपूर. त्याने एकदा करून दाखवलं, मग आईकडून तीनदा करून घेतलं. ते "करून घेणं" महत्त्वाचं. नुसतं सांगून सोडलं असतं तर ती विसरली असती.

आईने वही घातली. तारीख, वेळ, रंग, काय खाल्लं. तेव्हा मी कॉमर्स शिकत होतो, तिला म्हणायचो, "आई, हा तर तुझा रोजमेळ." १९७९ मध्ये गोळ्या पुरेनात, इन्सुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज, रोज पातेलीत उकळायची. सकाळी २४ युनिट. वहीत आणखी एक रकाना वाढला, बस.

मग आलं १९९२. मी बँकेत ऑफिसर, बदलीवरून नुकताच घरी परतलेलो. अमेरिकेतला आतेभाऊ आला होता, त्याने आईसाठी प्रेमाने डिस्पोजेबल सिरिंजचा मोठा खोका आणला. उकळायची कटकट संपली! मी रोज सकाळी २४ च्या रेघेपर्यंत भरून आईला टोचायला लागलो. बँकेत एका पैशाचा फरक पडला तर रात्री नऊपर्यंत बसून टॅली करणारा माणूस मी. इथे काही बघितलंच नाही.

आठवड्याभरात आईला तहान लागू लागली, रात्री चार-चारदा उठणं सुरू झालं. मी म्हटलं, "आई, वय झालं, साखर वाढणारच. डॉक्टरांकडे जाऊ, डोस वाढवून घेऊ." आईने वही उघडली. म्हणाली, "अरे, जेवण तेच, औषध तेच, चालणं तेच. सोमवारपर्यंत रंग हिरवा होता, बुधवारपासून विटकरी. मंगळवारी काय बदललं? तुझी ही सुई."

मी सिरिंज आणि बाटली शेजारी शेजारी धरली. बाटलीवर ४०, सिरिंजवर १००. घामच फुटला.

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या बाटलीत एका एमएलमध्ये ४० युनिट. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून एका एमएलला १०० युनिट ठरलेलं, ब्रिटनमध्येही १९८३ पासून. १०० च्या सिरिंजवर २४ ची रेघ म्हणजे ०.२४ एमएल. गुणिले ४०, उत्तर ९.६ युनिट. आईला २४ ऐवजी जेमतेम दहा युनिट जात होते.

आणि भीतीची गोष्ट पुढे आहे. समजा डॉक्टरांनी डोस वाढवून ४० केला असता, तर त्या सिरिंजने १६ च गेले असते आणि आम्हाला वाटलं असतं, चला, जरा बरं आहे. पण खोका संपल्यावर जुन्या सिरिंजने पूर्ण ४० गेले असते. साखर धाडकन उतरून आई बेशुद्ध पडली असती, कदाचित परत उठलीही नसती. डॉक्टरांची चूक नसती, औषधाची नसती. माझी असती.

'आरोग्य साक्षरता' हा शब्द इंग्रजीत १९७४ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. पुढे २००० मध्ये डॉन नटबीम यांनी तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या: वाचून समजणं, विचारून संवाद साधणं, आणि माहिती पारखून स्वतः निर्णय घेणं. मी बी.कॉम., इंग्रजी वाचणारा, पहिल्या पायरीवरच घसरलो. चौथी शिकलेली आई तिसरीवर उभी होती. म्हणून मी म्हणतो, डिग्री आणि ही साक्षरता एक नव्हे. तिच्यापाशी एक वही होती आणि "का?" विचारायची सवय होती.

वहीची किंमत पुढे विज्ञानानेही मान्य केली. अमेरिकेतला डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये जाहीर झाला. टाइप वन मधुमेहाचे १४४१ रोगी, सरासरी साडेसहा वर्षं. ज्यांनी घरी वारंवार साखर मोजून डोस काटेकोर ठेवला, त्यांच्यात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. आता तर बोटातून थेंबभर रक्त काढलं की मीटर आकडा दाखवतो. लघवीच्या तपासणीत कमी झालेली साखर कळतच नसे, मीटरमध्ये तीही कळते. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांचा ताळेबंद समजा. पण रोजमेळ लिहिलाच नाही तर ताळेबंदात तोटा दिसूनही तो कुठे झाला, हे सापडत नाही.

आता मीही इन्सुलिनवर आहे. तेव्हा मंडळी, एवढं करा. बाटलीवर ४० असेल तर लाल टोपीची सिरिंज, १०० असेल तर नारंगी. पेनातलं औषध बहुतेक वेळा १०० चं असतं, ते सिरिंजने काढू नका. १०० चं औषध ४० च्या सिरिंजने काढलं तर अडीचपट डोस जाईल. परदेशातून कुणी सिरिंज आणली तर आधी आकडा वाचा. साखर अचानक चढली तर डोस वाढवायच्या आधी विचारा, काय बदललं? आणि घरातल्या म्हाताऱ्यांना "समजलं का?" विचारू नका, सगळे "हो" म्हणतात. "करून दाखवा" म्हणा.

आईची ती शेवटची वही माझ्याकडे आहे. त्या बुधवारच्या ओळीत तिने 'विटकरी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. तुमच्याही घरी कुणी अशी वही ठेवत असेल, तर खाली जरूर लिहा.