मजकूर आपला, खिळे कुणाचे?

माझे अब्बा कंपोझिटर होते. तालुक्याच्या गावातल्या एका लहानशा छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य खिळे जुळवले. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, क्वचित एखाद्या मास्तरांचा कवितासंग्रह. फर्मा छापून झाला की ते खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या घरात परत टाकत. लेखकाची हस्तलिखित कॉपी मात्र सुतळीनं बांधून बाजूला ठेवत. लेखक न्यायला आला नाही, तर ती माझ्या हाती त्याच्या घरी पाठवत. 'मजकूर त्याचा, खिळे आपले,' एवढंच म्हणत.

हे वाक्य मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा आठवलं, ते एका वेगळ्याच कारणानं. आमच्या गावच्या वाचनालयाचं एक संकेतस्थळ होतं. २००५ साली एका ओळखीच्या माणसाकडून ते करून घेतलं होतं. ग्रंथांची यादी, व्याख्यानमालेचे वृत्तांत आणि गावातल्या आया-बहिणींकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या साठ-सत्तर ओव्या त्यावर होत्या. 'आता सगळं साइटवर आहे' म्हणून ओव्यांच्या वह्या पुढे रद्दीत गेल्या. २०१४ मध्ये एके दिवशी संकेतस्थळ उघडेना. ते करणाऱ्यानं धंदा बंद केला होता. संकेतस्थळाचं नाव त्याच्या नावावर, वर्षाची फी कुठं भरायची ते त्यालाच ठाऊक, आणि त्याचा फोन बंद. कार्यकारिणीत शांतता पसरली. मग अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, 'कवी, तुम्ही लिहिता-वाचता. नवीन काय घ्यायचं ते तुम्हीच बघा.'

मी बी. ए. झालेला माणूस. संगणकाशी माझी ओळख टायपिंगपुरती. पण नवी वस्तू समजत नसेल तर तिचा इतिहास वाचावा, ही माझी जुनी सवय. तो वाचताना जे हाती लागलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

संकेतस्थळ चालवण्यासाठी जी यंत्रणा लागते तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात सीएमएस म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मजकुराचा कारभार बघणारी व्यवस्था. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगाला खुलं केलं, तेव्हा अशी काही व्यवस्था नव्हती. प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाइल. मजकूर आणि त्याची सजावट एकाच फाइलीत कालवलेली. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक बदलला आणि तो दोनशे पानांवर असला, तर दोनशे फाइली उघडून दुरुस्ती करायची. ज्यांना रोज नवी पानं काढायची होती, त्या बातम्यांच्या संस्थांना हे झेपेना. म्हणून मजकूर एका कोठारात ठेवायचा, पानाचा साचा दुसरीकडे ठेवायचा आणि वाचकानं मागणी केली की दोन्ही जुळवून पान तयार करायचं, अशी युक्ती निघाली. छापखान्यात वाढलेल्या मला ही युक्ती लगेच कळली. कॉपी वेगळी, खिळे वेगळे.

सुरुवातीला ही यंत्रणा श्रीमंतांचीच होती. अमेरिकेतल्या सीनेट या कंपनीनं स्वतःसाठी असं साधन बनवलं. ते व्हिग्नेट नावाच्या नव्या कंपनीनं घेतलं आणि १९९६ च्या सुमारास बाजारात आणलं. मोठी वृत्तपत्रं, मोठ्या कंपन्या तिचे गिऱ्हाईक. पैसा तर लागेच, शिवाय आतली रचना विकणाऱ्याच्या कुलपात. विकणारा बदलला की घेणाऱ्याचं नशीब बदललं. खुद्द व्हिग्नेट २००९ साली कॅनडाच्या ओपन टेक्स्ट या कंपनीनं विकत घेतली.

दुसऱ्या बाजूला एक निराळी वाट तयार होत होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्याचा मथितार्थ असा : हे सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मात्र बदललेलं जेव्हा दुसऱ्याला द्याल, तेव्हा याच अटींवर द्या. गावच्या विहिरीसारखं. पाणी कुणीही भरावं, काठावर रहाट बसवावा, पण विहिरीला स्वतःचं कुलूप लावू नये.

या परवान्यानं काय साधलं, ते तीन गोष्टींतून कळतं.

पहिली गोष्ट वर्डप्रेसची. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणानं २००१ मध्ये बी-टू नावाची एक छोटी प्रणाली लिहिली होती. पुढे त्याचं काम थांबलं आणि तो कुठं दिसेनासा झाला. ती वापरणाऱ्यांची अवस्था आमच्या वाचनालयासारखी व्हायची. पण बी-टू जीपीएलखाली होती. जानेवारी २००३ मध्ये मॅट मुलनवेग या अमेरिकन विद्यार्थ्यानं जाहीरपणे लिहिलं, की मूळ लेखक गायब आहे, तरी परवाना आपल्याला हे काम पुढे नेऊ देतो. इंग्लंडमधल्या माइक लिटल यांनी साथ द्यायची तयारी दाखवली. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. पुढच्या वर्षी, मे २००४ मध्ये, तेव्हा लोकप्रिय असलेल्या मूव्हेबल टाइपनं आपले परवान्याचे नियम आणि दर बदलले. नाराज झालेले पुष्कळ लोक वर्डप्रेसकडे आले. लोकांनी मालक बदलला असं वाटेल, पण खरं म्हणजे ते मालकाविना राहायला शिकत होते.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मिरो या कंपनीनं मांबो नावाची प्रणाली काढली होती. जगभरातले हौशी प्रोग्रामर तिच्यावर राबत. २००५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं मांबोसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केलं. राबणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की त्याच्या रचनेत आम्हाला विचारलंच नाही. मुख्य मंडळी एकदम बाहेर पडली. मांबो हे नाव कंपनीचं राहिलं, पण लिहिलेलं काम परवान्यामुळे सगळ्यांचं होतं. त्यांनी ते बरोबर नेलं आणि १ सप्टेंबरला नवं नाव जाहीर केलं : जूमला. हा शब्द त्यांनी आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून घेतला. अर्थ, 'सगळे मिळून'.

मी हे वाचलं आणि खुर्चीतून उठलोच. स्वाहिलीत हा शब्द अरबीतून गेला. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडेही आला. उर्दूत जुमला म्हणजे वाक्य. मराठीत जुन्या हिशेबाच्या कागदांत जुमला म्हणजे एकूण बेरीज. शिवरायांच्या घोडदळात हवालदाराच्या वरचा अधिकारी तो जुमलेदार. मेलबर्नमधल्या भांडणातून निघालेल्या सॉफ्टवेअरचं नाव आमच्या मोडी कागदांत तीनशे वर्षं आधीच लिहिलेलं होतं! आणि हा एकच शब्द नव्हे. मजकूर, मसुदा, दफ्तर हेही त्याच वाटेनं आले आणि इथलेच झाले. शब्दांनी कुठल्याच गावात भाडेकरूसारखं राहायचं नसतं, एवढं तरी मला यातून समजलं.

तिसरी गोष्ट ड्रुपलची. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या ड्रीस ब्युटार्ट या विद्यार्थ्यानं वसतिगृहातल्या मित्रांसाठी निरोपांचा एक फलक बनवला होता. त्यासाठी त्याला 'डॉर्प', म्हणजे डच भाषेत गाव, हे नाव हवं होतं. टाइप करताना चूक झाली आणि 'ड्रॉप' झालं. तेच त्याला आवडलं. पुढे थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून ड्रुपल हे नाव आलं. जानेवारी २००१ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्या थेंबाचा पसारा बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचं, व्हाइट हाउसचं संकेतस्थळ ड्रुपलवर आलं. २०१० मध्ये त्यांनी त्यात केलेल्या काही सुधारणा सर्वांना परत दिल्या. भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी मिळून जे खुल्या माहितीचं व्यासपीठ बनवलं, तेही ड्रुपलवरच. आपल्या केंद्र सरकारचं माहितीचं संकेतस्थळ त्यावर २०१२ मध्ये सुरू झालं. आणि मराठी माणसांनी जमवलेली 'मनोगत', 'मिसळपाव' यांसारखी संकेतस्थळंही ड्रुपलच्याच पायावर उभी राहिली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये व्हाइट हाउस ड्रुपल सोडून वर्डप्रेसवर गेलं. अध्यक्ष बदलले, यंत्रणा बदलली. मजकूर वेगळा ठेवलेला असला की घर बदलता येतं.

पण विहिरीचं पाणी फुकट असलं तरी गाळ काढावा लागतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधलं एक मोठं भगदाड जाहीर झालं. ज्यांनी सात तासांच्या आत डागडुजी केली नाही, त्यांनी आपल्या घरात चोर शिरला असंच धरून चालावं, असा इशारा नंतर खुद्द ड्रुपलच्या मंडळींनीच दिला. आम्ही निवड करत होतो, ते हेच वर्ष. मी विचार केला, आमच्या वाचनालयात सात तासांत कोण उठेल? रविवार असला तर कुलूप उघडायला शिपाईसुद्धा येत नाही.

निवडीची सगळी गंमत इथं बदलली. 'सर्वांत चांगली प्रणाली कुठली?' हा प्रश्न मी सोडून दिला आणि चार साधे प्रश्न कागदावर लिहिले. सोमवारी सकाळी ही चालवणार कोण? बिघडली तर दुरुस्त करणारा जवळपास मिळेल का? आपला सगळा मजकूर हवा तेव्हा बाहेर काढता येतो का? आणि मराठी नीट राहते का?

चौथ्या प्रश्नाबद्दल थोडं सांगतो. आमच्या जुन्या संकेतस्थळाचा मजकूर एका विशिष्ट फाँटमध्ये होता. असे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात. फाँट गेला की कमल, घर, बगळा सगळं जाऊन इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. तेव्हा पुष्कळ मराठी संकेतस्थळांची हीच तऱ्हा होती. वास्तविक १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० पासून घरच्या संगणकावर ती वापरताही येत होती. पण सवयीनं आम्ही जुन्यालाच चिकटलो. एका जुन्या संगणकावर ग्रंथयादीच्या काही फाइली सापडल्या. रूपांतर केल्यावर रफार भलत्याच अक्षरावर बसले होते. ग्रंथपाल बाईंनी सहा महिने बसून ते एकेक करून दुरुस्त केले. ओव्यांची फाइल मात्र मिळाली नाही. ज्या बायकांनी त्या सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या.

माझ्या मनात जूमला होती, हे कबूल करतो. नावाच्या प्रेमात पडणं हा कवीचा जुना आजार. पण तिघींचे नमुने बाईंच्या पुढे ठेवले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'सर, नाव राहू द्या. मला ज्यात नवीन पुस्तकाची नोंद दहा मिनिटांत करता येते ते द्या.' त्यांना ते वर्डप्रेसमध्ये जमलं. तालुक्यात ती येणारी दोन मुलंही होती. ठराव झाला. संकेतस्थळाचं नाव या वेळी संस्थेच्या नावावर घेतलं आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला.

निवड बरोबर ठरली का? आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांवर वर्डप्रेस आहे, म्हणून बरोबर, असं मी म्हणणार नाही. गर्दी हा पुरावा नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं भांडण जुंपलं, तेव्हा त्या कंपनीला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती भांडारातून सुधारणा घेणं बंद करण्यात आलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती वाट उघडली. म्हणजे विहीर सगळ्यांची असली तरी विहिरीकडे जाणारा रस्ता एका माणसाच्या अंगणातून जातो, हे त्या दिवशी दिसलं. तिकडे ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीची देखभाल जानेवारी २०२५ मध्ये संपली. पुढच्या आवृत्त्यांची रचनाच वेगळी असल्यानं जुन्यावर बसलेल्यांना जवळजवळ नव्यानं घर बांधावं लागलं. कायमचं असं यात काहीच नाही.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई संकेतस्थळाच्या मजकुराच्या दोन प्रती काढतात. एक वाचनालयाच्या कपाटात, एक माझ्या घरी. आता आमच्या उर्दू पुस्तकांची नावंही त्यात आहेत. ती उजवीकडून सुरू होतात, मराठी डावीकडून, आणि एकाच पानावर दोघी नीट बसतात. उरलेल्या बायकांकडून ओव्या पुन्हा लिहून घेतोय. एकवीस मिळाल्या. या वेळी वह्या रद्दीत घालणार नाही. सुतळीनं बांधून ठेवल्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)