गौरीच्या फुलातले विष

श्रावण-भाद्रपदात कोकण-गोव्याच्या कुंपणांवर कळलावी फुलते. तिच्या लाल-पिवळ्या, वर वळलेल्या पाकळ्या ज्वाळांसारख्या दिसतात, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. कोकणात 'गौरीचे हात' म्हणून ती गौरीपूजनात मानाने येते. पण या देखण्या वेलीत, विशेषतः तिच्या कंदात, कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. पेशीच्या आतला सांगाडा कशाचा बनतो, हे शास्त्रज्ञांना कळले ते याच विषामुळे.

विषाचे नाव मात्र परदेशी फुलाचे. युरोपात शरद ऋतूत फुलणारे कोल्चिकम, काळ्या समुद्राकाठच्या कोल्किस प्रदेशावरून ओळखले जाणारे. त्याचा कंद गाऊटवर, म्हणजे अंगठ्याच्या सांध्यात ठणका लावणाऱ्या दुखण्यावर, शतकानुशतके दिला जाई. 1820 साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावाँतू यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच वर्षी त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही काढले होते.

औषध लागू पडे, पण का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1889 मध्ये पालेर्मोच्या पेर्निचे यांना कोल्चिसीन दिलेल्या जनावरांच्या ऊतींत, विभाजन अर्ध्यावर अडकलेल्या पुष्कळ पेशी दिसल्या. या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1934 मध्ये ब्रुसेल्सच्या डस्टिन यांनी तेच पुन्हा पाहिले, तेव्हा जग जागे झाले. 1937 मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली यांनी हे विष वनस्पतींवर वापरले. गुणसूत्रे दुप्पट झाली, पेशी मात्र एकच राहिली. आज आपण खातो त्या बिनबियांच्या कलिंगडामागे हीच युक्ती आहे.

अखेर 1967 मध्ये शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी खूण केलेले कोल्चिसीन पेशीत सोडले आणि ते कोणत्या प्रथिनाला चिकटते ते शोधले. जपानच्या मोहरी यांनी 1968 मध्ये त्या प्रथिनाला ट्युब्युलिन हे नाव दिले. ट्युब्युलिनचे कण एकमेकांना जोडून बारीक नळ्या तयार होतात. त्या पेशीला आकार देतात आणि विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन्हीकडे ओढतात. कोल्चिसीन कणाला चिकटले की नळी वाढत नाही आणि विभाजन थांबते. पांढऱ्या पेशींची धावपळही मंदावते, म्हणून गाऊटचा ठणका कमी होतो.

हेच कारण त्याच्या घातकपणाचे. आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगज यांच्या पेशी सतत विभागत असतात. पहिला घाव त्यांच्यावर बसतो. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे रक्तातल्या पेशी घटतात. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तेव्हा गौरीसाठी फूल अवश्य आणावे, पण कंद मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुकून पोटात गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा.