पहिलटकरणीचं न दिसलेलं दुखणं

सिनेमाला गेलो की माझी एक मैत्रीण कडेचीच खुर्ची मागते. मला वाटायचं, बाळासाठी घरून फोन आला तर उठता यावं म्हणून. परवा कॉफी पिता पिता तिने खरं कारण सांगितलं. पहिल्या बाळंतपणापासून शौचाची घाई झाली की तिला थांबवताच येत नाही. डॉक्टरांना विचारलं तर "टाके नीट आहेत, होईल हळूहळू कमी" एवढंच उत्तर. झालं, माझा शनिवार-रविवार जुने शोधनिबंध वाचण्यात गेला.

१९८०च्या दशकात लंडनमधले संशोधक दोष नसांना देत होते. बाळाचं डोकं खाली येताना ओटीपोटाच्या तळाच्या नसा ताणल्या जातात, म्हणून ताबा जातो. हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. स्नायू मुळात दिसायचाच नाही ना! तो कुठे तुटलाय हे शोधायला सुया टोचाव्या लागत. त्या दशकाच्या शेवटी गुदद्वारातून करायची सोनोग्राफी आली आणि तो कड्यासारखा स्नायू पडद्यावर दिसू लागला.

मग अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी एकदम साधी गोष्ट केली. बाळंतपणाआधी आणि नंतर सहा आठवड्यांनी त्याच बायकांची तपासणी. (आमच्या भाषेत, रिलीजच्या आधी आणि नंतर तीच टेस्ट :) ) डिसेंबर १९९३ मध्ये निकाल छापून आला. नॉर्मल बाळंत झालेल्या ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींच्या स्नायूला फाट होती. म्हणजे ३५ टक्के! घाई किंवा गळतीचा त्रास १३ टक्के जणींना. फोर्सेप्स लावलेल्या १० पैकी ८ जणींत फाट, सिझेरियनच्या २३ जणींत नवी एकही नाही. आणि बाळंतपणाच्या वेळीच लक्षात आलेल्या फाटी? अगदी मोजक्या.

म्हणून या फाटींना 'छुप्या' म्हणू लागले. पण खरी गंमत पुढेच आहे. २००६ मध्ये सुलतान यांच्याच गटाने २४१ पहिलटकरणींचा अभ्यास छापला. बाळंतपणानंतर लगेच दुसऱ्या, अनुभवी व्यक्तीने पुन्हा तपासल्यावर सापडलेल्या फाटी ११ टक्क्यांवरून २४.५ टक्क्यांवर गेल्या. फक्त सोनोग्राफीतच दिसलेल्या अशा जेमतेम तीन. म्हणजे छुपं असं फारसं काही नव्हतंच. कुणी नीट बघितलं नव्हतं!

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प. इतके दिवस तिला वाटत होतं, आपणच व्यायाम नीट केला नाही. मग म्हणाली, "ती सोनोग्राफी आता करता येते का गं?"

येते. गुरुवारची वेळ घेतलीये, मी हाफ डे टाकलाय.