भरती आपली, भरती त्यांची

आमच्या घरात दुसरं महायुद्ध १९७५ पर्यंत चालू होतं. पहिलंही पुरतं मिटलेलं नव्हतं. गाव सातारा जिल्ह्यातलं, वाईच्या अलीकडचं. ओसरीवर तीन म्हातारे. आजोबा टिळकांचे, आणि टिळकांच्या मागे सावरकरांचे. आजोबांचे धाकटे भाऊ परळला गिरणीत टाइमकीपर होते, तिथून लाल झेंडा घेऊनच गावी परतले. तिसरे आजीचे भाऊ, आमचे मामाआजोबा. खादीवाले, बेचाळीसला येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आलेले. वाद एकच: इंग्रजांच्या लढाईला हातभार कोणी लावला? खरं तर कधी ना कधी तिघांच्याही पुढाऱ्यांनी लावला होता, पण प्रत्येकाला उरलेल्या दोघांचंच तेवढं आठवायचं.

आजोबांची लाडकी गोष्ट १० जून १९१८ ची. त्या वेळी ते शाळकरी पोर होते. ऐकलेली सगळी वडिलांकडून, आणि वडिलांनी ‘केसरी’तून. मुंबईचा टाउन हॉल, अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन, युद्धासाठी माणसं आणि पैसा गोळा करायला भरलेली परिषद. आजोबा उपरणं सावरून उठत आणि टिळक होत. राजनिष्ठेचं एक वाक्य बोलून झालं, पुढे स्वराज्याचा विषय निघतोय तोच गव्हर्नरांनी अडवलं, इथे राजकारण नको म्हणून. मग इथे थांबणं स्वाभिमानाला धरून नाही असं सांगून टिळक सभागृहाबाहेर पडले, मागोमाग न. चिं. केळकर. इथे आजोबा खरोखरच ओसरीच्या पायऱ्या उतरून तुळशी वृंदावनापर्यंत चालत जात आणि परत येऊन पाणी मागत.

मामाआजोबा ते पाणी पिऊन होईपर्यंत थांबत. मग विचारत, “आणि दाजी, चौदा सालचं काय?” टिळकांना मंडालेच्या तुरुंगातून सुटून अडीच महिनेही झाले नव्हते. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि टिळकांनी जाहीर पत्रक काढलं, की या संकटात लोकांनी सरकारच्या पाठीशी उभं राहावं. आजोबा म्हणत, “तो डावपेच होता. सिंह पिंजऱ्यातून नुकता सुटलेला.”

मग उट्टं काढायची पाळी आजोबांची. टिळकांनी निदान अट घातली होती, गांधींनी तर काहीच मागितलं नाही! एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीच्या युद्धपरिषदेत हिंदीतून एका वाक्यात पाठिंबा देऊन ते थेट खेड्यांत भरतीला निघाले, आणि तेही खेडा जिल्ह्यात, जिथे नुकताच शेतसाऱ्याचा सत्याग्रह झाला होता. दर गावानं वीस माणसं द्यावीत असं पत्रक काढलं. सत्याग्रहाच्या वेळी ज्यांनी फुकट बैलगाड्या जुंपल्या, तेच लोक आता भाड्यानंही गाडी देईनात. अहिंसा सांगणारा माणूस आम्हाला बंदूक धरायला कसा सांगतो, असं तोंडावर विचारू लागले. गांधी मैलोन्‌मैल पायी हिंडले, ऑगस्टात आमांशानं अंथरुणाला खिळले, आणि युद्ध संपलं. टिळकांनी त्यांना ५० हजारांचा चेक पाठवला होता: हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदं मिळतील असं वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, हरलो तर हे पैसे तुमचे. गांधींनी चेक परत केला. ही हकिकत सांगताना आजोबा चेकवर सही केल्यासारखं हवेत बोट फिरवत.

“ते वेगळं होतं,” मामाआजोबा म्हणत. कसं वेगळं, हे त्यांनी मला एकदाच नीट सांगितलं. ज्याला मारताच येत नाही त्याची अहिंसा म्हणजे भित्रेपणा, असं गांधींना वाटत होतं. शिवाय साम्राज्याचे हक्क हवेत तर त्याची जोखीमही उचलायला हवी, अशी त्यांची तेव्हा श्रद्धा होती. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण खेड्यातली ती फजिती गांधींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली. नाही तर आजोबांना हसायला तरी कुठून मिळाली असती? आपल्या पडत्या बाजूची अशी नोंद करणारा पुढारी मला तरी दुसरा चटकन आठवत नाही.

पुढे मी बी.ए.ला इतिहास घेतला आणि ओसरीवरच्या वादांची रीत माझ्या ध्यानात आली. आपल्या माणसाचा हेतू पाहायचा आणि दुसऱ्याच्या माणसाची कृती. टिळकांचा डावपेच, गांधींची श्रद्धा, सावरकरांची दूरदृष्टी; समोरच्याची मात्र निव्वळ भरती.

दुसऱ्या युद्धात तर बाजू पार फिरल्या. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयनं कोणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला. काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली, आणि सावरकर तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगू लागले: शस्त्र कोणी दिलं ते बघू नका, आधी चालवायला शिका. काँग्रेसवाल्यांनी त्यांना ‘रिक्रूटवीर’ म्हणायला सुरुवात केली. हा शब्द मामाआजोबा फार चवीनं उच्चारत. वीस-वीस माणसं मागत हिंडलेले गांधी तेव्हा त्यांच्या गावीही नसत. जुलै १९४० मध्ये खुद्द पुण्यात काँग्रेसनं राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धाला मदत देऊ केली होती, गांधींना बाजूला ठेवून. त्याबद्दलही ते अवाक्षर काढत नसत.

धाकट्या आजोबांची कसरत सर्वांत अवघड. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईच्या कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला, त्यात ते होते. तेव्हा ते साम्राज्यवादी युद्ध होतं. २२ जून १९४१ ला हिटलर रशियावर चालून गेला आणि काही महिन्यांत त्याच युद्धाचं लोकयुद्ध झालं. जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, ऑगस्टात गवालिया टँकवरून ‘चले जाव’ झालं, आणि धाकटे आजोबा उत्पादन थांबवू नका म्हणून गिरण्यांच्या फाटकांवर सांगत उभे. पक्षाच्या पत्रात सुभाषबाबूंना जपान्यांच्या हातातलं बाहुलं केलेली व्यंगचित्रं आली. हिटलर हरायलाच हवा होता, आणि १९४२ साली हे ठणकावून सांगणाऱ्यांचं चुकलं नव्हतं असं माझं मत आहे. एम. एन. रॉय हे मॉस्कोच्या तारेची वाट न पाहता पहिल्यापासून सांगत होते, आणि आमच्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्या पक्षात होते. पण त्यासाठी तुरुंगात बसलेल्यांना शत्रूचे हस्तक ठरवायचं काय कारण होतं? धाकट्या आजोबांना हे विचारलं की ते चष्मा पुसायला घेत.

तिघांचं एकमत मी एकाच बाबतीत पाहिलं. डॉ. आंबेडकर १९४१ मध्ये सरकारच्या संरक्षण मंडळावर गेले, जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ‘सरकारी माणूस’, तिघेही म्हणत. ज्या आजोबांना सावरकरांची भरती दूरदृष्टी वाटे, ज्या धाकट्या आजोबांचा पक्ष त्याच महिन्यात त्याच युद्धाच्या बाजूनं उभा होता, त्यांनी हे म्हणावं! इथे पक्षाच्या पलीकडचं काही तरी होतं, आणि ते आमच्या ओसरीवर कोणी उघड बोलत नसे. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. पहिल्या युद्धात एक पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती या सगळ्यानंतर. आमच्या गावातून तिच्यात गेलेले एक निवृत्त नाईक बौद्धवाड्यात राहायचे. त्यांना मी आमच्या घरातला हा वाद सांगितला. ते म्हणाले, “आमची बंदूक एकदा काढून घेतली होती. ती परत मिळत होती, तर देणारा कोण हे कशाला बघू?” त्यांच्या पायात तेव्हाही पॉलिश केलेले काळे बूट होते, आणि ते चावडीसमोरून मुद्दाम सावकाश चालत.

या युद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली. त्यातले आमच्या आळीतले एक हवालदार मराठा पलटणीबरोबर इटलीत होते, एप्रिल १९४५ मध्ये सेन्यो नदीवर. त्यांचा धाकटा भाऊ त्याच काळात इंग्रजांना समांतर चाललेल्या पत्री सरकारच्या भूमिगतांना रात्री भाकऱ्या पोचवत असे. साताऱ्यात अशी घरं पुष्कळ होती. हवालदारांची आई सांगायची, एकाच महिन्यात थोरल्याची मनिऑर्डर यायची आणि धाकट्यासाठी पोलीस. झडतीला आलेल्या फौजदारापुढे तिनं थोरल्याचा वर्दीतला फोटो धरला होता: सरकारच्या शिपायाचं घर उचकटता काय? फौजदार निमूट चहा घेऊन गेला. धाकटा तेव्हा कणगीत बसला होता. भरतीला जाताना कोणाचं भाषण ऐकलं होतं, असं मी हवालदारांना विचारलं. “भाषण? दोन वर्सं पीक नव्हतं,” ते म्हणाले आणि सेन्योच्या बांधात पेरलेल्या सुरुंगांकडे वळले. तो विषय त्यांना पुरून उरणारा होता.

बाकी पुढाऱ्यांनी एकमेकांचे हिशेब लवकर मिटवले. बेचाळीसच्या तोंडावर काँग्रेस सोडून ‘चले जाव’ला विरोध करणारे राजाजी १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. आंबेडकर नेहरूंच्या मंत्रिमंडळात आले. आणि १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठावर भूमिगत राहिलेले एस. एम. जोशी आणि लोकयुद्धवाले डांगे शेजारी शेजारी बसले. हिंदुमहासभा आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही त्याच समितीत. आजोबा आणि धाकटे आजोबा एकाच ट्रकमधून सभेला गेले. मुंबईवर एकमत, परतीच्या वाटेवर पुन्हा स्टालिनग्राड.

१९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील बीडमधून लोकसभेवर निवडून आले, कम्युनिस्ट पक्षातर्फे. पत्री सरकारचे नाना! धाकट्या आजोबांनी आळीत पेढे वाटले आणि पत्री सरकार मुळात शेतकऱ्यांचा वर्गलढाच होता असं जाहीर केलं. १९४३ साली हे त्यांच्या पक्षाला दिसलं होतं का, ते कोणी विचारलं नाही. मामाआजोबांनी पेढा घेतला. “नाना भोळा माणूस,” ते म्हणाले, “त्याचा हेतू चांगला आहे. यांनी त्याला फसवलं.” आजोबा म्हणाले, हेतूचं काय घेऊन बसलात, कोणाच्या चिन्हावर उभा राहिला ते बघा. आणि दुसरा पेढा उचलला.